ध्वनिमुद्रणातला अदृश्य सांधा

डिजिटल ध्वनिमुद्रणाची महती सांगताना बहुतेक वेळा आवाजाच्या स्वच्छतेचा उल्लेख होतो. फितीची खरखर गेली, तबकडीवरच्या ओरखड्यांची टकटक गेली, हजारावी प्रतही मुळाइतकीच निर्मळ निघू लागली, असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु या तंत्राने संगीताच्या व्यवहारात जो मोठा पालट घडवला, तो स्वच्छतेपेक्षा संपादनाच्या अंगाने घडला. ध्वनी आकड्यांत उतरल्यावर त्याची कापाकापी, जुळवाजुळव आणि डागडुजी ही गणिताची कामे झाली, आणि दोन तुकडे जोडल्याचे कानाला कळणारही नाही इतक्या सफाईने ते जोडता येऊ लागले. या पालटाच्या मुळाशी असलेल्या संशोधकांत थॉमस स्टॉकहॅम या अमेरिकी अभियंत्याचे नाव अग्रभागी येते, आणि गंमत अशी की, फितीवरची छेडछाड शोधून काढण्याच्या विसाव्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या प्रकरणातही तज्ज्ञ म्हणून हाच माणूस बसला होता.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या दाबातल्या तशाच चढउतारात रूपांतर करतो, आणि अ‍ॅनालॉग म्हटल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीत हा चढउतार फितीवरच्या चुंबकीय कणांत किंवा तबकडीच्या खाचेच्या वळणांत अखंडपणे उतरवला जाई. डिजिटल पद्धतीत मात्र ठरावीक आणि अत्यंत लहान कालांतराने या दाबाचे मोजमाप घेतात व प्रत्येक मोजमाप एका पूर्णांकाच्या रूपात लिहून ठेवतात. अशा एका मोजमापाला नमुना म्हणतात. दोन नमुन्यांच्या मधला ध्वनी निसटून जातो आणि म्हणून डिजिटल ध्वनी अपुरा असतो, अशी एक समजूत अजूनही जाणकार म्हणवणाऱ्या श्रोत्यांत आढळते, पण ती निराधार आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारायंत्राच्या संदर्भात ज्याची दिशा दाखवली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जो नेमकेपणाने मांडला, त्या सिद्धांतानुसार ध्वनीतल्या सर्वांत उंच वारंवारतेच्या, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या, दुपटीहून अधिक नमुने घेतले तर मूळ तरंग त्यांतून पुन्हा उभा करता येतो. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्याने सेकंदाला ४०,००० हून थोडे जास्त नमुने पुरतात. उरतो प्रश्न प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा याचा: १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे १६ अंक वापरले तर दाबाच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात, आणि सर्वांत मोठा व सर्वांत क्षीण ध्वनी यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते.

ही कल्पना संगीतासाठी जन्मलेली नव्हती. अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला ती १९३७ मध्ये पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम करताना सुचली आणि तिचा हेतू दूरध्वनीवरचे संभाषण लांबच्या प्रवासात गढूळ होऊ नये एवढाच होता. १९४३ मध्ये वॉशिंग्टन व लंडन यांच्यातल्या गुप्त संभाषणासाठी बेल प्रयोगशाळेने उभारलेल्या यंत्रणेत तिचा उपयोग झाला. पण निर्वात नळ्यांच्या त्या काळात असे एक यंत्र अख्खी खोली व्यापत असे. संगीताचे डिजिटल मुद्रण प्रथम साधले जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेच्या प्रयोगशाळेत. हेतारो नाकाजिमा यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९६७ मध्ये एका मार्गिकेचे आणि १९६९ मध्ये स्टिरिओ यंत्र तयार झाले, आणि १९७० चे दशक सुरू होताच डेनॉन कंपनीने त्या तंत्राने मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आणल्या. या तबकड्या स्वच्छ होत्या, परंतु त्यांतले मुद्रण अजून फितीच्याच जगातले होते: गायनवादन झाले, ते फितीवर उतरले, आणि त्यात बदल करायचा तर ते काम जिकिरीचे होते.

फितीचे संपादन हे एक कसबी हस्तकौशल्य होते. संपादक फितीची चाके हाताने मागेपुढे फिरवून जोडाची जागा कानाने हेरी, तिथे पेन्सिलीने खूण करी, ती फीत अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातल्या खाचेत बसवून ब्लेडने ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत कापी आणि दुसऱ्या तुकड्याशी चिकटपट्टीने जोडी. काप तिरका घेण्यामागे शास्त्र होते. पाव इंच रुंदीची फीत सेकंदाला १५ इंच वेगाने धावत असेल तर ४५ अंशांचा जोड सेकंदाच्या साठाव्या भागात, म्हणजे सुमारे १७ सहस्रांश सेकंदात, यंत्राच्या मुखापुढून सरकतो, आणि तेवढ्या वेळात पहिला ध्वनी ओसरत व दुसरा चढत जाऊन जोड बुजतो. त्याहून लांब जोड हवा असेल, किंवा सतारीच्या एका आघाताच्या नेमक्या आरंभावर सांधा घ्यायचा असेल, तर सगळी भिस्त हाताच्या स्थिरतेवर असे, आणि चुकलेला काप परत भरून येत नसे.

स्टॉकहॅम (१९३३–२००४) यांचा मार्ग फितीकडून आला नाही. तो संगणकाकडून आला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अमर बोस यांच्याबरोबर ध्वनिक्षेपक आणि खोली यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास केला. पुढे ज्यांच्या नावाचे ध्वनिक्षेपक जगभर गेले ते हेच बोस, आणि त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले होते. या अभ्यासासाठी ध्वनी आकड्यांत बदलून संगणकाला देण्याची गरज पडली आणि तिथेच स्टॉकहॅम यांच्या ध्यानात आले की, संगणकात शिरलेल्या ध्वनीवर कोणतेही गणित करता येते. १९६५ मध्ये कूली आणि टूकी यांनी ध्वनीचे त्याच्या घटक वारंवारतांत झपाट्याने पृथक्करण करणारी रीत प्रसिद्ध केली. तिचा उपयोग करून एखाद्या खोलीचा किंवा यंत्राचा ध्वनीवर होणारा परिणाम कमी वेळात कसा काढायचा, हे स्टॉकहॅम यांनी पुढच्याच वर्षी दाखवले. १९६८ मध्ये ते युटा विद्यापीठात गेले आणि त्यांच्या हातून ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाला वळण देणारी कामे तिथे झाली.

त्यांतले पहिले काम एन्रिको कारूसो या इटालियन गायकाच्या जुन्या तबकड्यांचे. कारूसो १९२१ मध्ये वारला, म्हणजे विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात येण्याच्या आधी. त्या काळी गायकाला एका कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि कर्णा आपल्या आकारानुसार काही स्वर फुगवी व काही दाबून टाकी. तो कर्णा शिल्लक नव्हता आणि त्याचे गुणधर्म कुणी मोजून ठेवलेले नव्हते. तरीही त्याचा परिणाम आवाजातून वजा करायचा होता. स्टॉकहॅम यांनी काढलेली युक्ती साधी आणि धाडसी होती. तोच संगीतखंड नंतरच्या काळातल्या चांगल्या यंत्रांवर दुसऱ्या गायकाने गाऊन ठेवलेला होता. दोन्ही मुद्रणांतल्या वारंवारतांची दीर्घ सरासरी काढली, तर गायक वेगळे असले तरी सरासरीतला मोठा फरक कर्ण्याचाच असणार, असे त्यांनी गृहीत धरले आणि त्या फरकाच्या उलट गाळणी बनवून कारूसोचा आवाज तिच्यातून काढला. या रीतीने सुधारलेली गाणी आरसीए कंपनीने १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ही सुधारणा आहे की नवी निर्मिती, हा आक्षेप रास्तच म्हणायला हवा, कारण दुसऱ्या गायकाच्या मापाने पहिल्याचा आवाज दुरुस्त करताना त्या मापाचा थोडा अंश त्यात उतरणारच. तरीही आधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटणारे गाणे छातीतून आल्यासारखे ऐकू येऊ लागले, हे नाकारता येत नाही.

दुसरे काम न्यायालयाचे होते. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यालयातल्या ध्वनिफितींपैकी २० जून १९७२ च्या एका फितीत, निक्सन आणि त्यांचे साहाय्यक एच. आर. हॉल्डमन यांच्या संभाषणाच्या जागी साडेअठरा मिनिटे नुसती घरघर ऐकू येत होती. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी आपल्या हातून चुकून बटण दाबले गेल्याचे काही मिनिटांपुरते कबूल केले होते. न्यायमूर्ती जॉन सिरिका यांच्यासमोर सत्यशोधन करणाऱ्या सहा तज्ज्ञांच्या मंडळात स्टॉकहॅम होते, तसेच बेल प्रयोगशाळेचे जेम्स फ्लॅनगन होते. फितीवर चुंबकीय खुणा उघड करणारा द्रव लावल्यावर, मुद्रण सुरू होताना आणि थांबताना यंत्राचे मुख फितीवर जे ठसे उमटवते ते दिसू लागले. त्यांच्या अंतरांवरून व ध्वनीच्या तपासणीवरून १९७४ मध्ये मंडळाने निष्कर्ष काढला की, तो भाग निदान पाच वेळा वेगवेगळा पुसलेला आहे आणि प्रत्येक वेळी यंत्राची बटणे हाताने चालवलेली आहेत. पुसणारा कोण, हे कधीच सिद्ध झाले नाही. मात्र फितीवर प्रत्येक कृतीची भौतिक खूण राहते, या एकाच गोष्टीवर तो सारा तपास उभा होता.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्टॉकहॅम यांनी सॉल्ट लेक सिटी येथे साउंडस्ट्रीम ही कंपनी काढली, आणि अशी भौतिक खूण मुळीच न राहणारे संपादन तिने शक्य केले. कंपनीचे मुद्रणयंत्र १६ बिटांचे होते आणि त्याच्या सुधारित रूपात सेकंदाला ५०,००० नमुने घेतले जात. टेलार्क या छोट्या कंपनीने त्यावर १९७८ मध्ये फ्रेडरिक फेनेल यांच्या दिग्दर्शनाखाली क्लीव्हलँडच्या वादकांचे मुद्रण केले. चायकोव्हस्कीच्या ‘१८१२’ या रचनेचे टेलार्कने आणलेले मुद्रण याहून गाजले. तिच्या अखेरीस खऱ्या तोफांचे आवाज आहेत. ते तबकडीच्या खाचेत इतके जोरकस उतरले की, वाजवताना सुई खाचेतून उडे, आणि श्रोत्यांना ध्वनिक्षेपक जपण्याचा इशारा वेष्टनावर छापावा लागला.

साउंडस्ट्रीमचे खरे वैशिष्ट्य मुद्रणानंतर सुरू होई. ध्वनीचे आकडे पीडीपी-११ या जातीच्या संगणकाच्या डिस्कवर उतरवले जात आणि तिथे त्यांची तरंगाकृती, म्हणजे दाबाच्या चढउताराचा आलेख, पडद्यावर पाहता येई. आज कोणत्याही मोबाईलमध्ये आवाज कापताना जी नागमोडी रेघ दिसते, तिचे हे पूर्वरूप होय. जोडाची जागा सेकंदाच्या ५०,००० व्या भागापर्यंत नेमकी सांगता येत होती, पण नेमकेपणा एकटा पुरेसा नव्हता. समजा, पहिला तुकडा जिथे संपतो तिथला नमुना १२,००० आहे आणि दुसऱ्याचा पहिला नमुना उणे ९,०००. हे दोन शेजारी ठेवले तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला एका क्षणात २१,००० पायऱ्यांची उडी मारावी लागते आणि कानाला ‘टक्’ असा आवाज येतो. म्हणून दोन्ही तुकडे थोडा वेळ एकमेकांवर चढवतात. दहा सहस्रांश सेकंदांचा जोड असेल तर त्यात ५०० नमुने येतात. पहिल्या नमुन्यात जुन्या ध्वनीचे ४९९ भाग आणि नव्याचा एक, दुसऱ्यात ४९८ आणि दोन, असे करत शेवटी सगळा नवा ध्वनी उरतो. याला क्रॉसफेड म्हणतात. ब्लेडचा तिरका काप जे ओबडधोबडपणे साधत होता, तेच इथे गुणाकार-बेरजेने होते आणि त्याची लांबी हवी तशी कमीजास्त करता येते. शिवाय मूळ आकडे डिस्कवर तसेच राहतात. संगणक फक्त कुठून कुठे वाजवायचे याची यादी ठेवतो, त्यामुळे पसंत न पडलेला जोड मोडून दुसरा घेता येतो. या कामाबद्दल स्टॉकहॅम आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट इंगेब्रेट्सन यांना १९९९ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा वैज्ञानिक पुरस्कार मिळाला.

बाजारात मात्र साउंडस्ट्रीम टिकली नाही. तिची यंत्रे महाग व अवजड होती, आणि दरम्यान नाकाजिमा एनएचके सोडून सोनी कंपनीत गेले होते. सोनीने डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी नवे यंत्र घडवण्याऐवजी बाजारात असलेले व्हिडिओ रेकॉर्डर वापरायचे ठरवले, कारण एवढे आकडे वेगाने नोंदवू शकणारे स्वस्त साधन तेवढेच होते. आकडे दूरचित्रवाणीच्या चित्राच्या ओळींत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात भरले जात, एका ओळीत तीन नमुने या हिशेबाने. अमेरिका व जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे आणि प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी, तर युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रे आणि २९४ ओळी. दोन्हींकडे गुणाकार ४४,१०० येतो. सोनी आणि फिलिप्स यांनी कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हाच आकडा स्वीकारला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीस आला आणि साउंडस्ट्रीमच्या ५०,००० नमुन्यांना वालीच उरला नाही; त्या मुद्रणांच्या सीडी काढताना सगळे आकडे नव्या हिशेबात बदलून घ्यावे लागले. आजही संगीताच्या असंख्य फायलींवर लिहिलेला ४४.१ हा आकडा अशा रीतीने जुन्या दूरचित्रवाणीच्या ओळींचा वारसा सांगतो.

या तडजोडीची किंमत संपादनाने मोजली. व्हिडिओ फितीवरच्या रेघा तिरक्या असल्याने ती ब्लेडने कापता येत नसे. एका यंत्रावरून दुसऱ्यावर प्रत काढत काढतच जोड घ्यावा लागे. पडद्यावर रेघ पाहून कापण्याची सोय सर्वसामान्य स्टुडिओंपर्यंत यायला लहान संगणकांची वाट पाहावी लागली. पीटर गॉचर आणि इव्हान ब्रुक्स या दोन तरुणांनी मॅकिंटॉश संगणकासाठी १९८५ मध्ये ‘साउंड डिझायनर’ हा कार्यक्रम केला आणि १९९१ मध्ये त्यातून ‘प्रो टूल्स’ उभे राहिले, जे आज मुंबईपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या स्टुडिओंत रोजच्या वापरातले आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतावर या यंत्रांचा परिणाम खोलवर झाला. साठच्या दशकात ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत गायक आणि वादकांचा सगळा ताफा एकत्र बसे व गाणे सलग रेकॉर्ड होई. एका व्हायोलिनवादकाची चूक म्हणजे सगळ्यांचा रिटेक. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेता येऊ लागला तसा गायक एका दिवशी, बासरीवादक दुसऱ्या दिवशी येऊ लागला, आणि संगणक आल्यावर ओळीच काय, शब्दसुद्धा वेगवेगळ्या टेकमधून निवडून जुळवता येऊ लागला. त्यामुळे चुका घटल्या हे खरे, पण तबलजीने गायकाकडे पाहून घेतलेली क्षणाची उसंत अशा जुळणीत येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

जोड अदृश्य झाल्यावर पुढची पायरी स्वरच दुरुस्त करण्याची होती. अँडी हिल्डेब्रँड यांनी ती १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ने गाठली, ते भूगर्भातले तेल शोधण्यासाठी कंपनलहरींचे विश्लेषण करण्याच्या व्यवसायातून आलेले होते. स्वर ओळखण्यासाठी ध्वनी स्वतःशीच थोडा थोडा सरकवून ताडून पाहतात: पेटीवरच्या मधल्या पांढरी सहाचा, म्हणजे ४४० हर्ट्झचा, स्वर असेल तर सीडीच्या हिशेबात दर सुमारे १०० नमुन्यांनी तोच आकार पुन्हा येतो. स्वर कळला की, तो जवळच्या इष्ट स्वरावर ओढून बसवतात. हे ओढणे किती वेगाने करायचे ते ठरवता येते. शेर या गायिकेच्या १९९८ च्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात ते तत्क्षण होईल असे ठेवल्याने आवाज यंत्रासारखा तुटक झाला आणि ती लकबच लोकांना आवडली. भारतीय संगीतात अडचण वेगळी आहे. हे साधन मुळात पेटीसारख्या बारा समान पायऱ्यांवर बेतलेले आहे. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार एका पायरीवर स्थिर उभा राहतच नाही, आणि एका स्वरातून दुसऱ्यात जाणारी मींड म्हणजे त्या यंत्राच्या लेखी सलग चुकांची मालिका. जाणकार संपादक अशा जागा यंत्राच्या तावडीतून सोडवून हाताने दुरुस्त करतो, आणि घाईतला संपादक त्या सरळ करून टाकतो. दोष असलाच तर तो त्या घाईचा.

सांधा इतका बेमालूम झाल्यावर न्यायालयांपुढे वॉटरगेटच्या वेळी नसलेला प्रश्न उभा राहिला, कारण आकड्यांच्या फाइलीवर कुठलाच भौतिक ठसा उमटत नाही. यावर एक उपाय रोमानियाच्या कॅटालिन ग्रिगोरास यांनी पुढे आणला. विजेच्या तारांजवळ केलेल्या मुद्रणात बहुधा ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली अगदी क्षीण गुणगुण उतरते, आणि ही वारंवारता कधीच अचूक ५० नसते. मागणी वाढली की ती किंचित घसरते, पुरवठा वाढला की चढते. तिचा हा चढउतार वीजजाळ्याच्या नोंदींशी जुळवला तर मुद्रण केव्हा झाले ते कळू शकते आणि मधला तुकडा काढलेला असेल तर गुणगुणीची लय त्या जागी तुटलेली सापडते. लंडनच्या पोलिसांनी २००५ पासून या हेतूने अशा नोंदी ठेवायला सुरुवात केली. भारतात ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून सोलापूर, चेन्नई आणि दिल्ली येथे एका क्षणी विजेची वारंवारता जवळपास एकच असते. मात्र तारांपासून दूर, मोकळ्या माळावर बॅटरीवरच्या मोबाईलने केलेल्या मुद्रणात ही गुणगुण उतरत नाही, आणि मग तपासणाऱ्याला पार्श्वभूमीचे आवाज, जागेचा नाद आणि फाइल आकुंचित करताना राहिलेल्या गणिती खुणा यांवरच विसंबावे लागते.